सतरा कोंब

शाळेतून आलेला कागद शारदाने माझ्यापुढे धरला. चौदा वर्षांच्या मुलींना पुढच्या सोमवारी लस, गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग होऊ नये म्हणून. खाली पालकाची सही.

"ताई, बाबा सही नाही करून राह्यले."

मी बुलढाण्याला बी.एस्सी.ला आहे, सुट्टीत सुलतानपूरला आले होते. ओट्यावर शेजारचे पंजाबराव काका बाबांना समजावत होते.

"इंद्रभान, बीटीचं पाह्यलं ना? घरचं बी ठेवलं तं वांझ निघते. ही लसबी तसल्याच लॅबमधली. पोरीची कूस बंद होऊन जाईन."

"काका, घरची सरकी कधी लावून पाहिली?" मी विचारलं.

"लावाले कायले पाह्यजे? समदे सांगतेत ना!"

त्याच संध्याकाळी मी गेल्या वर्षीच्या आमच्या बीटी कपाशीच्या वीस सरक्या मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळल्या. पेरणीआधी बाबा सोयाबीनची उगवण अशीच पाहतात. रविवारी सकाळी बाबा आणि काकांसमोर गोणपाट उलगडलं. सतरांना कोंब होते.

काकांनी एक कोंब चिमटीत धरला. "उगवलं खरं. पण बोंडं सारखी नाही लागत."

"सारखी नाही लागत म्हणजे वांझ नाही. आणि शारदा सरकी नाही, काका. माणसाच्या लशीचा बियाण्याशी काही संबंध नाही."

"लय शिकली वं तू," म्हणून ते हसले.

बाबा हसले नाहीत. खालच्या आवाजात म्हणाले, "उद्या सोयरिकीच्या वेळी कोणी इचारलं, हे कायचं इंजेक्शन, तं काय सांगू? हा रोग कसल्या बायांले होते, मालूम हाय ना?"

"तानामावशीसारख्या," मी म्हणाले. "या विषाणूची लागण शरीरसंबंधातून होते. बहुतेक वेळा नवऱ्याकडून बायकोला. मावशी घर आणि वावर सोडून कुठे गेली होती?"

पंजाबराव काकांनी चपला घातल्या आणि निघून गेले.

तानाबाई ही आईची धाकटी बहीण. दोन वर्षं अंगावरून जात होतं, तिने सांगितलं नाही. याच कर्करोगाने गेली तेव्हा लोक तिच्या चालचलणुकीबद्दल बोलले. तिचा नवरा म्हणजे हेच पंजाबराव काका. त्यांनी वर्ष संपायच्या आत दुसरं लग्न केलं. त्यांच्या चालचलणुकीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही.

आई पिठाचे हात पुसत बाहेर आली. "तानाले लोकं बोलले तवा तुमी गप बसले होते," ती बाबांना म्हणाली. "आताबी गपच बसा." मग शारदाकडे वळली. "तुले घ्याची हाय का सुई?"

आठ दिवसांत हे तिला पहिल्यांदा कोणी विचारत होतं.

"हाव," शारदा म्हणाली. "दुखते म्हणतेत. पण घ्याची हाय."

"आन तो पेन इकडं."

बचत गटात शिकलेली सही करायला आईला वेळ लागतो. बाबा कोंबांकडे पाहत राहिले. कागदावर पिठाचा एक ठसा उमटला. तो शारदाने पुसू दिला नाही.