नणंद, भावजय आणि दाबलेली स्प्रिंग

गॅरेजमध्ये शिरलं की डाव्या हाताची जागा नणंदेची, उजव्या हाताची भावजयीची. मध्ये कुणी रेघ ओढली नव्हती, पण एकीचा पाना दुसरीकडे गेला तर परत येताना तो लाथेनं यायचा.

नणंद ही गॅरेजच्या म्हाताऱ्या मालकाची थोरली लेक. नवऱ्याशी पटलं नाही म्हणून माहेरी आली आणि बापाच्या हाताखाली गाड्या खोलता खोलता वस्ताद झाली. बापाचे गुडघे गेले, तो घरी बसला, आणि गॅरेज आता आपलंच असं ती धरून चालली. तेवढ्यात धाकट्या भावानं लग्न केलं ते नेमकं एका मेकॅनिक मुलीशी. मोठ्या सर्व्हिस सेंटरमध्ये काम केलेली, येताना स्वतःची हत्यारांची पेटी घेऊन आलेली. पहिल्या दिवसापासून दोघी एकमेकींना पाण्यात पाहत. भाऊ पुढच्या काचेच्या केबिनमध्ये फोन घ्यायचा आणि दोघींची तोंडं सुटली की रेडिओ मोठा करायचा.

त्या दिवशी एका टॅक्सीवाल्याची गाडी नणंदेकडे आली. पुढचे दोन्ही शॉकअप गेलेले, आणि माणूस घाईत. नणंदेनं चाक काढलं, शॉकअप स्प्रिंगसकट खाली उतरवला आणि टेबलावरच्या व्हाइसमध्ये आवळला. आता स्प्रिंग दाबायची. ती दाबून धरल्याशिवाय वरचा नट खोलला तर समोरच्याचं थोबाड जाग्यावर राहत नाही. त्यासाठी बापाचे दोन शिकंजे होते. लांब आट्यांचे बोल्ट, दोन्ही टोकांना स्प्रिंगेच्या वेटोळ्यात अडकवायचे आकडे. आज ते खिळ्यावर नव्हते.

"माझे शिकंजे कुठायत?"

"भंगारात," भावजय मान वर न करता म्हणाली. "एकाचे आटे झिजलेत, दुसऱ्याचा आकडा फाकलाय. कपाटात नवे आहेत, ते घ्या, वन्सं."

"कुणाला विचारून टाकलेस?"

"विचारलं असतं तर तुम्ही टाकू दिले असते?"

"तोंड सांभाळ, वहिनी. तू जन्मलीही नव्हतीस तेव्हापासून बाबा त्याच शिकंज्यांनी स्प्रिंगा दाबत आलेत."

"तेच म्हणतेय मी. वय झालंय त्यांचं."

नणंदेच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. ती तरातरा मागे गेली, भंगाराच्या ढिगातून शिकंजे उपसून आणले, फडक्यानं पुसले आणि स्प्रिंगेला अडकवले. मग तिनं नट-बोल्ट फिरवायची हवेची गन उचलली.

"गन नका लावू," भावजय म्हणाली. "हातानं फिरवा. थोडा हा, थोडा तो."

हे ऐकल्यावर गन खाली ठेवणं नणंदेला शक्यच नव्हतं. गन घरघरली. एक बाजू झरझर दाबली गेली, दुसरी मागे राहिली, आणि स्प्रिंग केळ्यासारखी वाकली. फाकलेला आकडा वेटोळ्यावरून टणकन घसरला आणि टोकावर अडकून राहिला. नणंदेनं गन उलटी फिरवून पाहिली. शिकंज्याचा बोल्ट गच्च. मागेही येईना, पुढेही जाईना.

तिचा चेहरा बरोबर स्प्रिंगेवर होता.

"तोंड बाजूला घ्या," भावजयीचा आवाज एकदम खाली आला होता. "हात सोडा. हळू. टेबलाला धक्का लावू नका."

"मला शिकवू नकोस," नणंद म्हणाली, पण तिनं सांगितलं तसंच केलं.

भाऊ काय झालं ते बघायला केबिनमधून डोकावला. "बाहेर हो!" दोघी एकदमच ओरडल्या. तो टॅक्सीवाल्याला घेऊन रस्त्यापलीकडे पळाला.

सुटली तरी स्प्रिंग धरून ठेवावी म्हणून भावजयीनं इंजिन उचलायची साखळी आणली.

"दे इकडे, मी घालते," नणंद म्हणाली.

"नको. मघाशी तुमची गन बघितली."

"तुला काही झालं तर घरात मला तोंड दाखवायला जागा राहील का?"

"मला काही झालं तर उजवी बाजूपण तुमचीच."

"नको मला तुझी बाजू. कधी झाडून तरी काढतेस का?"

बोलता बोलता भावजय बाजूनं वाकली आणि तारेच्या आकड्यानं साखळीचं टोक स्प्रिंगेतून पलीकडे सरकवलं. नणंदेनं ते पलीकडून ओढलं. साखळीचे वेढे शॉकअपभोवती पडले, टोकं एकमेकांत अडकली. दोघी मागे सरकतात न सरकतात तोच झिजलेल्या आट्यांनी दम सोडला.

बार उडाल्यासारखा आवाज झाला. टेबल हललं. साखळीनं स्प्रिंग धरली, पण फाकलेला आकडा तुटून सुटला तो केबिनची काच फोडून आत गेला आणि भावाच्या खुर्चीच्या पाठीत रुतला.

नणंद मटकन खाली बसली.

"लागलं?"

"नाही."

"मग उठा. दुसरा शॉकअप बाकी आहे."

"तुझं खरं झालं. खूश असशील."

"खूप," भावजय म्हणाली. तिला साखळी सोडवायची होती, पण बोटं कड्यात जाईनात. नणंदेनं ते पाहिलं आणि मान वळवली.

पुढचं काम नव्या शिकंज्यांवर झालं. समोरासमोर लावून, साखळीचा वेढा घालून, हातातल्या पान्यानं. दोघी दोन बाजूंना. "मी." "आता तुम्ही." याशिवाय एक शब्द नाही. टॅक्सी संध्याकाळी गेली.

जेवताना म्हाताऱ्याला सगळं कळलं. तो सुनेवर उखडला. "ज्या हत्यारावर हे घर चाललं ते तू भंगारात टाकलंस? इतकी वर्षं वापरलं, माझं बोट तरी गेलं का? हिला वापरता आलं नाही, तुला सांभाळता आलं नाही."

"तुमचं बोट राहिलं ते नशिबानं, बाबा," नणंद म्हणाली. "आकडा फाकलेला तुम्हालाही दिसत होता, मलाही."

म्हाताऱ्याचा घास हातातच राहिला. "तू हिची बाजू घेतेस?"

"बाजू कसली? मला ही डोळ्यांसमोर नकोय. पण उरलेला शिकंजा उद्या मी स्वतः कापणार आहे."

म्हातारा ताट सरकवून उठला. भावजयीनं ते उचललं आणि आत नेलं.

बापानं लेकीशी बोलणं टाकलं ते बरेच दिवस. गॅरेजमध्ये पाने लाथेनंच येत-जात राहिले. फक्त स्प्रिंगेचं काम निघालं की, ते कुणाचंही असो, दुसरी न बोलावता येऊन बाजूला उभी राही, आपला पाना फिरवी आणि परत जाई. एकदा नणंदेच्या तोंडून चुकून "थँक्यू" निघालं. भावजयीला तो टोमणा वाटला, आणि त्यावरून दोघींचं दिवसभर वाजलं.