वॉचमन बाळंत होतो

प्रसूती वॉर्डाची मुख्य सिस्टर घरी थोरली सून, म्हणून इस्पितळातही थोरलीच. कॉम्प्युटरवर नोंदी करायला शिकवणारी बाई येणार म्हणून सगळ्या वाट बघत होत्या, तर आली थोरलीची धाकटी जाऊ. जिला घरात पातेली कुठं पालथी घालायची हे थोरलीनं शिकवलं, तीच आता 'सिस्टर, इकडे लक्ष द्या' म्हणत होती. परीक्षाही तीच घेणार. नापास होईल तिचा वॉर्ड सुटणार, रवानगी चादरींच्या कोठीत. आणि चादरी काही थोरलीशी बोलणार नव्हत्या.

परीक्षेला पेशंट म्हणून दारावरच्या वॉचमनला खाटेवर निजवलं होतं. मिशा नीट करून तो इमानेइतबारे आजारी पडला होता. थोरलीनं नाडी बघितली, ताप बघितला, चादर सारून पाय बघितले, चार शब्द बोलली. मग कॉम्प्युटरपाशी येऊन सवयीनं 'कालप्रमाणे' हे बटण दाबलं. सगळा वॉर्ड तेच करायचा. काल लिहिलेलं आज आपोआप उमटतं, मग कशाला बोटं झिजवा?

फक्त कालच्या सरावात त्या खाटेवर बाळंतीण होती.

धाकटीनं पडद्याकडे बघितलं, मग मिशांकडे. "सिस्टर, यांचे टाके कोरडे आहेत आणि दूध भरपूर येतंय, असं लिहिलंय तुम्ही."

हसून हसून सगळ्यांची मुरकुंडी वळली. वॉचमन उठून बसला आणि मुलगा की मुलगी, एवढंच त्यानं विचारलं. थोरलीला मात्र चादरींचे गठ्ठे दिसायला लागले.

धाकटी हसली नाही. खुर्ची ओढून शेजारी बसली नि हळूच म्हणाली, "ताई, रात्री भांडी आवरताना पेशंटचं मला जसं सांगता ना, तसं लिहा."

थोरलीनं एका बोटानं टाइप करायला घेतलं. ताप नाही. नाडी ठीक. उजव्या टाचेला मोठा फोड, बूट चावतो. दुखतं, पण बोलत नाही, कारण बूट त्याच्या सासऱ्यांनी दिलेत.

धाकटीनं दोनदा वाचलं. "सासरे नको होते," म्हणाली, आणि 'पास'वर खूण केली.

घरी निघताना दारात वॉचमन टाचेला पट्टी बांधून, चपला घालून उभा होता. त्यानं थोरलीला कडक सलाम ठोकला.

"सिस्टर, बाळ-बाळंतीण सुखरूप."