माझ्या यादीत नसलेला खळगा

खोटेपणाचा पगार घेणारा माणूस मी. आमची दुर्बीण हजारो ताऱ्यांचा प्रकाश मोजते. ताऱ्यासमोरून ग्रह सरकला की प्रकाश किंचित घटतो आणि आलेखात खळगा पडतो. पण शेजारच्या जोडताऱ्यांमुळे किंवा कॅमेऱ्याच्या थरथरीनंही तस्साच खळगा पडतो. खरं-खोटं निवडायला परीक्षक घरबसल्या आलेख तपासतात, आणि त्यांनी डुलक्या काढू नयेत म्हणून मी मधूनमधून बनावट खळगे पेरतो. तळघरात, एसीच्या यंत्राशेजारी, एकटाच. बोलायला भिंती आहेत.

परीक्षकांत एक निवृत्त शिक्षिका होत्या. मनातल्या मनात मी त्यांना मास्तरीणबाई म्हणायचो. बाकीचे नुसती खूण करतात. या शेऱ्याच्या चौकटीत वह्या तपासल्यासारखं लिहायच्या. ‘डावी कड कलंडली. अक्षर सुधारा.’ ‘हा शेजाऱ्याचा उद्योग, याला उगाच मार नको.’ ते शेरे मी डबा खाताना वाचायचो. खरं सांगतो, दिवसभरात माझ्याशी तेवढंच कोणी बोलायचं. त्यांच्या वाट्याचे खळगे मी जरा जास्तच जीव ओतून बनवू लागलो.

मग एकावर त्यांनी लिहिलं, ‘हा खरा! जन्मात पहिल्यांदा काहीतरी सगळ्यांच्या आधी मला दिसलं. बहिणीला कळवलंसुद्धा.’

तो माझा होता. अशा वेळी ‘अभिनंदन, ही चाचणी होती’ असं छापील पत्र जातं. ते पाठवायला मन धजेना, म्हणून फोन केला.

“बाई, तो खळगा मी केलेला होता.”

“तुम्ही?” आलेख पुन्हा उघडल्याची टिकटिक फोनवर ऐकू आली. “छान जमला होता हो. आता बहिणीला काय सांगू?”

त्यानंतर चौकट रिकामी. नुसत्या खुणा. माझं जेवण लवकर उरकायला लागलं.

तीन महिन्यांनी, काल, शेरा आला. हातातला घास ठेवून वाचला. ‘खोटा. या वेळी नाही फसायची, साहेब.’ दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मला हसू आलं. सहज पेरलेल्यांची यादी उघडली.

त्यात तो नव्हता. तीनदा पाहिलं. त्या आलेखात ठरावीक अंतरानं पडलेले चारही खळगे सारख्याच खोलीचे, शेजारच्या ताऱ्यांचा संबंध नाही, कॅमेरा स्थिर. दुसऱ्या कुठल्या परीक्षकाकडे हा आलेख अजून गेलाच नव्हता. म्हणजे खरोखरच सगळ्यांच्या आधी.

मी घाईघाईनं फोन लावला. “बाई, हा माझा नाही! शपथ घेऊन सांगतो.”

“हो का,” त्या शांतपणे म्हणाल्या. “असं तुम्ही म्हणताय.”

आणि त्यांनी फोन ठेवला.