अकरावा मीटर

“ताई, तुमचा काटा शून्यावर नाही,” परीक्षक म्हणाले आणि टेबलाभोवतीची माणसं पुढे सरकली.

मीटरताईंनी चष्मा सावरून वाकून पाहिलं. मीटरला अजून तारासुद्धा जोडल्या नव्हत्या, तरी काटा दोन घरं पुढे जाऊन ऐटीत बसला होता. पहिले दहा मीटर बिनबोभाट पास झाले होते. घात केला तो शेवटच्याने.

कारखान्याच्या मीटर दुरुस्तीच्या खोलीत ताईंना एकवीस वर्षं झाली होती. हुद्दा मदतनिसाचा, काम मात्र सगळं त्यांचंच. केसासारखी तार गुंडाळून वेटोळं करायचं, ते चुंबकाच्या दोन टोकांमध्ये अलगद बसवायचं, वरखाली नाजूक स्प्रिंगा लावायच्या. वीज आली की वेटोळं वळतं, स्प्रिंग त्याला मागे खेचते, आणि दोघांची ओढाताण जिथे बरोबरीत सुटते तिथे काटा थांबतो. नवऱ्याला त्यांनी हे एकदा समजावलं होतं. “म्हणजे आपल्या घरासारखंच की,” तो म्हणाला होता. “फरक इतकाच, आपल्याकडचा काटा कायम तुझ्या बाजूला.”

तपासणीचा शिक्का मात्र नेहमी कुणा साहेबाच्या खिशात. शेवटचे साहेब निवृत्त झाले तेव्हा वरच्यांनी ठरवलं, मीटर बाहेर दुरुस्तीला पाठवू, खोलीला कुलूप लावू आणि ताईंना गोदामात धाडू. ताई हटून बसल्या. “बाहेरचा परीक्षक आणा. माझे अकरा मीटर तपासा. सगळे पास झाले तर शिक्का माझ्याकडे द्या. एक जरी चुकला तरी मी मुकाट्याने गोदामात जाते.” बोलायला बोलून गेल्या, पण मग आठवडाभर त्यांना घास गोड लागला नव्हता.

फोरमन त्यांच्या कानाशी आला. “अहो, समोर स्क्रू आहे. जरासा पीळ द्या, काटा येईल शून्यावर. कशाला जिवाला घोर?”

परीक्षकांनी ते ऐकलंच. “हो, लावून घ्या शून्य. माझी हरकत नाही.”

ताईंनी स्क्रूड्रायव्हर उचलला. अर्धा पीळ, आणि शिक्का आपला. मोह कुणाला सुटलाय? पण हात थबकला. सकाळी आठ वाजता याच काट्याचं शून्य त्यांनी स्वतः पाहिलं होतं. तेव्हापासून मीटर जागचा हलला नव्हता. मग बिघडलं काय?

त्यांची नजर फोरमनच्या खांद्यावरच्या पिवळ्या फडक्यावर गेली.

“हा मीटर आत्ता कुणी पुसला का?”

“मीच की! साहेबांसमोर मीटर आणि काचेवर हा भला मोठा डाग. चांगला घासून घासून चकाचक केला.” त्याला शाबासकी हवी होती.

ताईंनी स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. “साहेब, मी स्क्रू फिरवणार नाही.”

“मग नापास लिहू?”

“लिहा. पण आधी एक मिनिट द्या.”

त्या वाकल्या आणि काचेवर तोंडाची ऊब सोडली. हाऽऽ. काच धुरकटली, निवळली. काटा थरथरला, एक घर मागे आला, मग दुसरं, आणि शून्यावर गपगुमान बसला.

“हे काय केलंत?” परीक्षकांनी विचारलं.

“काही नाही, साहेब. हवा कोरडी, फडकं कोरडं. घासलं की काचेवर वीज चढते नि काट्याला ओढते. कंगव्याला कागदाचे कपटे चिकटतात ना, तसं. तोंडाच्या वाफेने ती उतरते. स्क्रू फिरवला असता तर आत्ता शून्य दिसलं असतं, पण काचेवरची वीज उतरल्यावर प्रत्येक आकडा दोन घरं खोटा.”

परीक्षकांनी फोरमनचं फडकं मागून घेतलं. काच घासली. काटा पळाला. त्यांनी हाऽऽ केलं. काटा परतला. मोठा माणूस, पण त्यांनी तो खेळ तीनदा केला. मग तारा जोडल्या, एक डोळा मिटला, काट्यामागच्या आरशाच्या पट्टीत काट्याचं प्रतिबिंब काट्याआड गेलं की आकडा वाचायचा, असे पाच आकडे मोठ्याने वाचले. पाचही त्यांनी सोबत आणलेल्या अचूक प्रमाण मीटरशी जुळले.

“वीस वर्षं मी मीटर तपासतोय,” ते म्हणाले. “मी पीळ दिला असता, ताई.”

त्यांनी शिक्का टेबलावरून ताईंपुढे सरकवला. ताईंचा ऊर भरून आला आणि त्यांनी ते लपवलं नाही. फोरमनने फडकं खिशात कोंबलं आणि निवृत्त साहेबांची उंच खुर्ची ताईंसाठी ओढली.

ताई बसल्या. खुर्ची कुणा लांब पायांच्या माणसाच्या मापाची होती, त्यांचे पाय जमिनीला टेकत नव्हते. त्यांनी ते तसेच अधांतरी राहू दिले आणि अकराव्या मीटरवर पहिला शिक्का मारला.