ईपी असेल तर चालतं

मी पिस्तूल बोलतोय. दचकू नका, मी खेळण्यातला आहे. माझ्या पोटात दारू कधी भरली गेली नाही, गेल्या त्या फक्त वाटाण्याएवढ्या पांढऱ्या प्लॅस्टिकच्या गोळ्या. दिसायला मात्र मी अस्सल. काळाभोर, हातात घेतल्यावर जड लागणारा, चाप ओढला की खटका वाजणारा. याच दिसण्यापायी मला दुकानात मान मिळाला आणि याच दिसण्यापायी मी आज पोलिसांच्या पिशवीत पडून आहे.

माझा जन्म दक्षिण चीनमधल्या एका कारखान्यात झाला. शेजारच्या पट्ट्यावर बाहुल्यांच्या दुधाच्या बाटल्या तयार व्हायच्या. एक बाई दिवसभर आमचे चाप ओढून बघायची आणि दुसरी त्या बाटल्यांना बुचं लावायची. जेवणाच्या सुट्टीनंतर दोघी जागा बदलायच्या. माझ्या खोक्याच्या एका बाजूला ‘खेळणे’ असं छापलं होतं आणि दुसऱ्या बाजूला ‘हे खेळणे नव्हे’. ज्याला जी बाजू सोयीची, त्यानं ती वाचावी. आमची पेटी बाहुल्यांच्या पेट्यांमागे रचली गेली आणि त्यांच्याच नावावर आम्ही सिंगापूरच्या बंदरात उतरलो.

सेरंगूनजवळच्या एका जुन्या मॉलच्या दुसऱ्या मजल्यावर ते दुकान होतं. एका बाजूला नखं रंगवण्याचं पार्लर, दुसऱ्या बाजूला गणिताची ट्यूशन. दुकानात रिमोटवर चालणाऱ्या गाड्या, जोडायची विमानं आणि मागच्या काचेच्या कपाटात आम्ही. मालक क्वचित यायचा. दुकान सांभाळायचा डेस्मंड नावाचा विक्रेता. पंचविशीचा, किडकिडीत, स्वभावानं गोड. त्याच्यात दोष एकच. ‘मला माहीत नाही’ हे शब्द त्याच्या तोंडून कधी निघत नसत.

गिऱ्हाईक आमच्या कपाटापाशी आलं की हमखास विचारायचं, “याला परवाना लागतो का?” आणि डेस्मंड त्या माणसाकडे वरपासून खालपर्यंत बघून जागच्या जागी कायदा तयार करायचा. सैन्याची सक्तीची सेवा करून आलेल्या तरुणाला तो म्हणायचा, “तू सैनिक होतास ना, तुला काय लागतंय?” पर्यटकाला म्हणायचा, “पर्यटकांना सूट आहे.” एका आजोबांना त्यानं सांगितलं की नळीचं टोक नारंगी असलं की पुरतं. आजोबांनी माझ्याकडे बोट दाखवलं. माझं टोक काळं होतं. “घरी रंगवा,” डेस्मंड म्हणाला. एकानं विचारलं, सीमेपलीकडे मलेशियात, जोहोरला नेता येईल का? “कॅन.” आणि परत आणताना? “ऑल्सो कॅन. सेम गन, व्हॉट.”

मला वाटायचं, या शहरात रस्त्यावर थुंकायचा नियमसुद्धा पाटीवर लिहिलेला असतो, मग आमचा नियम रोज नवा कसा? पण कपाटातल्या वस्तूला विचारतो कोण.

एके शनिवारी शिरीष आला. चाळिशीचा, चष्मा, खांद्याला ऑफिसची बॅग. पुण्याचा माणूस, चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत नोकरीला. त्याचं काम म्हणजे बँकेतली माणसं नियमानं वागतात की नाही ते पाहणं. याला कंप्लायन्स म्हणतात. दिवसभर तो इतरांना विचारायचा, ‘हे कुठे लिहिलंय?’

त्याला मी नाटकासाठी हवा होतो. गणेशोत्सवात मराठी मंडळींचं एक नाटक बसत होतं, बँकेवरच्या दरोड्याचं. दिग्दर्शन त्याच्या बायकोचं, सुनेत्राचं. आधीच्या तालमींत दरोडेखोराच्या हातात हिरवी पिचकारी होती आणि ती बघून सगळ्यांना हसू फुटत होतं. सुनेत्रानं शिरीषला बजावून पाठवलं होतं, “खरं वाटेल असं आण. आणि परवान्याचं विचारून घे.”

त्यानं विचारलं. डेस्मंडनं त्याच्या गळ्यातलं ऑफिसचं ओळखपत्र पाहिलं.

“सर, यू पीआर ऑर ईपी?”

पीआर म्हणजे इथे कायम राहायची परवानगी, ईपी म्हणजे कचेरीत काम करणाऱ्या परदेशी माणसाचा पास. बांधकामावर, कारखान्यात राबणाऱ्यांचा असतो वर्क परमिट.

“ईपी,” शिरीष म्हणाला.

“ईपी कॅन. वर्क परमिट कॅनॉट.”

इतका सुंदर खोटा कायदा डेस्मंडनं त्याआधी कधी रचला नव्हता. शिरीषचा चेहरा मी जवळून पाहिला. शंका होती ती विरली आणि तिथे एक समाधान पसरलं. या शहरात घर, बायकोला आणणं, मुलांची शाळा, सगळंच पासवर ठरतं. मग पिस्तूल का ठरू नये? आणि ज्या नियमात आपण वरच्या रांगेत उभे असतो, तो कुठे लिहिलाय हे विचारायचं कुणाच्याही मनात येत नाही. शिरीषच्याही आलं नाही.

क्वीन्सटाउनच्या फ्लॅटमध्ये सुनेत्रानं मला उलटंसुलटं करून पाहिलं. “बापरे, खरंच वाटतंय. विचारलंस ना?”

“विचारलं. ईपीला चालतं.”

“कोण म्हणालं?”

“दुकानदार. त्यांचा रोजचा धंदा आहे, त्यांना माहीत नसेल तर कुणाला?”

“तू ऑफिसात कुणाचं असं ऐकून घेशील?”

“अगं, ऑफिसचं वेगळं,” शिरीष म्हणाला आणि चहा टाकायला उठला.

पुढच्या तालमीला मला पाहून सगळ्यांनी तोच प्रश्न विचारला आणि आता डेस्मंडच्या जागी शिरीष उभा होता. पहिल्याला तो म्हणाला, “दुकानदार म्हणत होता की चालतं.” दुसऱ्याला म्हणाला, “ईपीवाल्यांना परवानगी आहे.” संध्याकाळपर्यंत त्याच्या बोलण्यातून दुकानदार गळून पडला होता आणि सरकार आलं होतं. “इथलं सरकार व्यवहारी आहे,” तो समजावून सांगत होता, “जबाबदार माणसाला अडवत नाही.” मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तर कुणीतरी लिहिलं की पीआर असेल तर दोन ठेवता येतात. त्यावर अंगठ्यांची रांग लागली. शिरीष बँकेत नियमांचंच काम करतो, हे सगळ्यांना ठाऊक होतं.

सगळं बिघडलं ते एका रविवारी दुपारी. तालीम निशिकांतच्या कॉन्डोमध्ये होती, तळमजल्यावरच्या हॉलमध्ये. हॉलची एक भिंत पूर्ण काचेची, पलीकडे पोहण्याचा तलाव. निशिकांत हा शिरीषचा जुना मित्र. नाटकात तो दरोडेखोर होता आणि शिरीष बँकेचा मॅनेजर. प्रवेश असा, की मॅनेजर गुडघ्यांवर बसलाय आणि दरोडेखोरानं त्याच्या कपाळाला पिस्तूल लावलंय. बाकीची मंडळी हात वर करून भिंतीशी उभी. नाटक लिहिलं होतं निशिकांतच्या वडिलांनी, दीनानाथरावांनी. ते सुट्टीला आले होते, कानानं कमी, आणि काचेकडे पाठ करून, हातात संहिता धरून वाक्यं सांगायला बसले होते.

सुनेत्राच्या शिकवणीचा गुण म्हणायचा, प्रवेश उत्तम वठला. इतका, की तलावातल्या एका बाईंनी तो काचेतून पाहिला आणि पाण्याबाहेर येऊन पोलिसांना फोन केला.

काचेच्या भिंतीतलं दार उघडलं ते धाडकन. दोन पोलीस आत आले आणि माझे खरे भाऊबंद मी पहिल्यांदा पाहिले. ते निशिकांतच्या छातीवर रोखलेले होते. माझ्यात आणि त्यांच्यात काय फरक आहे, हे त्या दारातून कुणालाही कळलं नसतं.

“ड्रॉप इट.”

निशिकांतला ऐकू गेलं, पण त्याचा हात त्याचा राहिला नव्हता. त्याचा घाम माझ्या मुठीवर ओघळत होता, बोटं आवळत चालली होती आणि मी अजूनही शिरीषच्या कपाळाला टेकलेला होतो. भिंतीशी कुणीतरी रडू लागलं. दीनानाथरावांना वाटलं, मुलगा वाक्य विसरला. “कुणी हललं तर याद राखा,” त्यांनी मोठ्यांदा सांगितलं. “निशी, बोल की. कुणी हललं तर याद राखा.”

पोलिसांना मराठी येत नव्हतं, हे त्या दिवशीचं मोठं नशीब.

“निशिकांत,” गुडघ्यांवरून शिरीष हळू आवाजात म्हणाला, “माझ्याकडे बघ. बोटं सोड. एकेक कर. मी आहे.”

बोटं सुटली. मी फरशीवर आपटलो, माझं पोट उघडलं आणि पांढऱ्या गोळ्या खोलीभर घरंगळल्या. एक गोळी पोलिसाच्या बुटाला लागून थांबली. त्यानं ती पाहिली, पण हत्यार लगेच खाली केलं नाही. मग त्यानं विचारलं, “हे कुणाचं?”

निशिकांतचा पीआरचा अर्ज गेलेला होता आणि शिरीषचाही. दोघांना एकमेकांचं ते ठाऊक होतं. पिस्तूल निशिकांतच्या हातात सापडलं होतं, शिरीष गप्प राहिला असता तर बेड्या कुणाला पडल्या असत्या हे उघड होतं. त्यानं सुनेत्राकडे पाहिलं. ती त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“माझं आहे,” शिरीष म्हणाला. “मी विकत आणलं. त्यानं नुसतं हातात धरलं होतं.”

ठाण्यात मला पारदर्शक पिशवीत घालून टेबलावर ठेवलं. समोर सार्जंट रोझलिना बसल्या होत्या, डोक्याला स्कार्फ, शांत चेहरा.

“परवाना लागत नाही असं तुम्हाला कोण म्हणालं?”

“दुकानातला विक्रेता.”

“नेमकं काय म्हणाला?”

शिरीषनं सांगितलं, “ईपी असेल तर चालतं. वर्क परमिटला चालत नाही.” हे वाक्य त्यानं पन्नास जणांना ऐकवलं असेल, पण स्वतः बहुधा तेव्हाच ऐकलं. त्याचे कान लाल झाले.

“नोकरी?”

“बँकेत.”

“बँकेत काय करता?”

“कंप्लायन्स.”

रोझलिनांची बोटं कीबोर्डवर थांबली. त्यांनी हसू आवरलं, हे मी जवळून पाहिलं.

मग दुकानातली माणसं आली. मालक म्हणाला, डेस्मंडला सगळं माहीत होतं. डेस्मंड म्हणाला, मालकानंच सांगितलं होतं. मालक म्हणाला, मला पेट्या पाठवणाऱ्यानं सांगितलं. डेस्मंडनं शेवटी आपल्या आधीच्या विक्रेत्याचं नाव घेतलं, तो केव्हाच दुसऱ्या देशात निघून गेला होता. कायदा तर सगळ्यांनी सांगितला होता, रचलेला मात्र कुणीच नव्हता.

जबाबाच्या मधे मला घेऊन जाणारा शिपाई बाहेरच्या बाकापाशी थांबला होता. बाकावर शिरीष आणि डेस्मंड शेजारी शेजारी बसलेले.

“तू मला खोटं का सांगितलंस?” शिरीषनं विचारलं. आवाजात राग होता.

“सर, माहीत नाही म्हटलं की गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जातं. बॉस ओरडतो.” डेस्मंड जमिनीकडे बघत होता. “आणि सर, तुम्हाला ‘कॅन’च ऐकायचं होतं. तुम्ही दारातून आत आलात तेव्हाच मला दिसलं.”

शिरीष उठला आणि आत जाऊन त्यानं जबाब पुरा केला. विक्रेत्यानं जे सांगितलं ते त्यानं लिहून दिलं. त्यापुढे स्वतःहून जोडलं, की नियम तपासणं हाच माझा पेशा आहे आणि मी तपासलं नाही. हे लिहायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

मालकावर खटला भरला. काचेच्या कपाटातली माझी सारी भावंडं इथे आली, आता आम्ही एकाच खोलीत असतो. डेस्मंड एका मोबाइलच्या दुकानात लागलाय. रोझलिना सहकाऱ्याला सांगत होत्या की त्यांनी तिथून फोन घेतला आणि वॉरंटी किती विचारली, तर तो ताडकन म्हणाला, “जगभर चालते.”

काही आठवड्यांनी शिरीषला पुन्हा बोलावलं. त्याला कडक ताकीद देऊन सोडायचं ठरलं होतं. माझ्यावरचा हक्क सोडत असल्याची त्याची सही हवी होती, म्हणून मलाही टेबलावर आणलं. सोबत सुनेत्रा होती. नाटक झालं, असं ती रोझलिनांना सांगत होती. दरोडेखोराच्या हातात या वेळी केस वाळवायचं यंत्र होतं. लोक पोट धरून हसले आणि दीनानाथराव रुसले, कारण त्यांच्या मते ती शोकांतिका होती.

सही करून शिरीषनं पेन ठेवलं, पण उठला नाही. तो वाळला होता.

“एक विचारायचं होतं. या ताकिदीचा माझ्या पासवर परिणाम होईल का? पीआरच्या अर्जावर?”

दारातला तरुण पोलीस लगेच म्हणाला, “नो लाह. डोन्ट वरी. काही होत नाही.”

इतके आठवडे शिरीषला हेच ऐकायचं असणार. त्याच्या चेहऱ्यावर ते जुनं समाधान पसरू लागलं, मी पाहिलं. मग त्यानं ते थांबवलं. त्या तरुणाकडे वळून अगदी अदबीनं त्यानं विचारलं, “हे कुठे लिहिलंय?”

तरुण गोंधळला आणि रोझलिनांकडे बघू लागला.

रोझलिनांनी चष्मा काढला. “मला माहीत नाही,” त्या म्हणाल्या. “तो निर्णय आमच्याकडे नसतो. कुणाला विचारायचं ते मी शोधते आणि तुम्हाला कळवते.”

कारखान्यापासून इथवर मी पुष्कळ माणसं ऐकली, पण हे शब्द पहिल्यांदाच ऐकले. वाटलं होतं, शिरीष खचेल. पण तो खुर्चीत मागे टेकला, त्याचे खांदे सैल झाले आणि त्यानं सुनेत्राचा हात धरला. “थँक्यू, मॅडम,” तो म्हणाला. “थांबतो मी.”

आम्हाला आता लवकरच वितळवतील. माझं धातूचं अंग कशाच्या तरी कामी येईल, एखाद्या दाराची कडी झालो तरी मला चालेल. जाता जाता तुम्हाला एकच विनंती. माझ्यासारखं काही घ्यायला गेलात, तर काउंटरमागचा माणूस किती पटकन उत्तर देतो तेही बघा. फारच पटकन दिलं, तर हात खिशातच राहू द्या.

आणि शिरीषच्या पासचं पुढे काय झालं म्हणाल, तर मला माहीत नाही.