माझा निकाल

चूक माझी होती, हे आधीच सांगते. ऑफिसात हे वाक्य कोणी मोठ्याने म्हणत नाही. तिथे 'तांत्रिक अडचण' म्हणतात, जणू अडचण आपल्या पायांनी चालत आली.

मी आसावरी. राहते डोंबिवलीत, ठाण्याला वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कंपनीत वेबसाइट बनवते. एका खासगी गृहयोजनेच्या सोडतीचं काम आमच्याकडे आलं. घरं एकशे वीस, अर्ज एकोणीस हजार. बुधवारी सकाळी दहाला निकाल लागणार आणि प्रत्येकाने लॉगिन करून 'माझा निकाल' या पानावर आपापला बघायचा. आमच्या सलिल सरांनी आठवडाभर एकच धोशा लावलेला, "साइट पडता कामा नये."

ती पडू नये म्हणून मी कॅश लावली. म्हणजे दर माणसासाठी पान नव्याने बनवायचं नाही. एकदा बनलेलं ठेवून द्यायचं आणि मागेल त्याला तेच वाढायचं. पंगतीत हे चालतं, पण पथ्याचं ताट ज्याचं त्यालाच गेलं पाहिजे. त्यासाठी ठेवलेल्या पानाला लॉगिनची खूण बांधावी लागते. मी ती वरच्या पट्टीला, म्हणजे नावाला बांधली. गेल्या वर्षी एका साइटवर एकाला दुसऱ्याचंच नाव दिसलेलं आणि मी सगळ्यांसमोर बोलणी खाल्लेली. त्या नावाच्या धास्तीत खालच्या निकालाला खूण बांधायचीच राहिली. पानाचा पत्ता सगळ्यांना एकच, 'माझा निकाल'. माझा म्हणजे कोणाचा, हे मी मशीनला सांगितलंच नाही.

दहाला जो पहिला आत शिरला, त्याला घर लागलेलं होतं आणि त्याचाच निकाल ठेवला गेला. इमारत चार, सदनिका सातशे तीन. पुढची अकरा मिनिटं जो आला त्याला वर स्वतःचं नाव दिसलं आणि खाली सातशे तीन. तीनशे बारा माणसं. दुपारपर्यंत सगळ्यांना निकाल चुकीचा दिसल्याचे मेसेज गेले, थोडी शिवीगाळ झाली आणि सरांनी विषय संपल्याचं जाहीर केलं.

शुक्रवारी हेल्पलाइनचा फोन योगायोगाने मी उचलला.

"मॅडम, मोहन्यावरून ऋतुराज शिगवण. सातशे तीनची चावी कधी मिळेल? म्हणजे अंदाजे. रविवारी माझा साखरपुडा आहे, पाहुण्यांना सांगायचंय."

मी रेकॉर्ड उघडून बघितलं. अर्ज त्याच्या वडिलांच्या नावाने, धाकू शिगवण. फॉर्म एका सायबरवाल्याने भरलेला आणि मोबाइल नंबर त्याने स्वतःचाच टाकलेला. आमचा मेसेज त्या दुकानात पडून होता. यांनी बुधवारी स्क्रीनशॉट काढला आणि पान पुन्हा उघडलंच नाही. लागलेला निकाल पुन्हा कोण बघतं?

फोनवर सांगवेना, म्हणून 'कळवते' म्हणत ठेवला आणि घरी जाऊन सांगते असं सरांना म्हटलं.

"जाऊ नकोस," सर म्हणाले, "आणि चूक वगैरे कोणाजवळ कबूल करू नकोस."

शनिवारी दुपारी मी मोहन्याला गेले. एकच खोली, पण दाराला झेंडूचं तोरण. देव्हाऱ्याशेजारी तो स्क्रीनशॉट लॅमिनेट करून लावलेला, वर हळदकुंकू. ऋतुराजची आई गंगुबाई पाटीभर भांडी घासत होती, उद्यासाठी. मी सोडतीच्या ऑफिसातून आले म्हटल्यावर तिने आधी पेढा आणला. तो हातात धरूनच मी सगळं सांगितलं.

ऋतुराजने मोबाइलवर पान उघडलं. 'नमस्कार, धाकू शिगवण. आपली निवड झालेली नाही.' ते वाचून त्याने पान पुन्हा उघडलं. तेच. चौतीस वर्षांचा मुलगा. चार स्थळं जागा नाही म्हणून मोडलेली. हे पाचवं, शहाडची ऐश्वर्या. तिच्या वडिलांनी, चांगदेवांनी, हाच कागद वाचून होकार दिलेला.

मी ऋतुराजच्या वडिलांकडे, धाकूकाकांकडे बघितलं. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"घर नव्हताच आपला, तर गेला कसा म्हणायचा?" ते म्हणाले. "पन ताई, आम्ही खोटा नाय बोललो, येवढा सोयऱ्यांना सांगाल? तुमच्या तोंडानं?"

सरांचं वाक्य आठवलं. झक मारत गेलं ते वाक्य. ऋतुराजने चांगदेवांना फोन लावला, स्पीकर चालू केला.

"मी कंपनीतून बोलतेय," मी म्हटलं. "चूक माझी आहे. यांनी काहीही लपवलेलं नाही. वरचं नाव यांचंच होतं, पण खालचा निकाल दुसऱ्याचा दिसला."

पलीकडून चांगदेव म्हणाले, "तुम्ही कोण? त्यांच्या नात्यातल्या?"

"नाही हो. ते पान मी बनवलंय."

"बाई, मी शिकलेला माणूस आहे. तो कागद दोनदा वाचलाय मी. वर मुलाच्या बापाचं नाव, अर्ज नंबर, सगळं बरोबर. मशीन चुकलं असतं तर नाव पण चुकलं असतं ना? नाव बरोबर आणि घर तेवढं चुकलं, असं कुठे असतं का? कागद बनवायचा तर बनवलात, वरून बाई पण उभी केलीत. उद्या येऊ नका म्हणावं."

फोन बंद झाला. धाकूकाका माझ्याकडे बघत होते.

"पुन्ना लावा," ते म्हणाले. "नीट सांगा त्यांना, असा असतो म्हनून."

मी पुन्हा लावला. उचलला नाही. गंगुबाईने घासलेली भांडी पुसून एकेक करून फळीवर परत ठेवायला घेतली.