एका माणसाचं गाऱ्हाणं

सिद्धेश गेला त्या सोमवारपासून निलेशने देवापुढे दिवा लावला नव्हता. घरात कुणी मेलं नव्हतं. मेला होता 'खाजण' या रॉक बँडचा गायक, ज्याच्याशी निलेश आयुष्यात दोनदाच बोलला होता, आणि त्यातल्या एका वेळी तर सिद्धेश नुसतं "वायरवरून पाय काढ रे" एवढंच म्हणाला होता. तरी बोरिवलीच्या दोन खोल्यांत पठ्ठ्या सुतक पाळत होता. पूजा नाही, गोड नाही, ऑफिसातल्या वाढदिवसाच्या केकलाही नको म्हणाला.

वडिलांनी, श्यामसुंदररावांनी, थोडे दिवस कळ काढली. मग स्वतःच निरांजन लावलं आणि वळून विचारलं, "बाप जिवंत असताना सुतक कसलं पाळतोस? तो तुझा कोण लागत होता?"

आपल्याकडे साडूच्या मेहुण्यालाही नातं असतं, त्याच्या तेराव्याला जाऊन जेवूनही येतात. पण ज्याच्या आवाजावर एखाद्याने अख्खं तरुणपण काढलं, त्याला काय म्हणायचं याची सोय आपल्या थोर पूर्वजांनी करून ठेवलेली नाही. निलेश गॅलरीत जाऊन उभा राहिला आणि वाळत घातलेल्या चादरीत तोंड खुपसून रडला.

श्यामसुंदरराव गिरणी कामगाराचे चिरंजीव. बँकेत लागले आणि त्यांनी घरात मालवणी बंद केली. पोराच्या तोंडून 'कुठे'ऐवजी 'खंय' निघालं की डोळे वटारायचे. त्यामुळे पार्ल्याच्या कॉलेजात एका संध्याकाळी मालाडच्या कुरारचा एक काटकुळा मुलगा, हाच सिद्धेश, गिटारच्या कल्लोळात चक्क गाऱ्हाणं घालायला लागला, तेव्हा निलेशच्या अंगावर काटा आला होता. गाऱ्हाणं म्हणजे कोकणातली रीत. एकाने सगळ्यांच्या वतीने देवाकडे मागायचं, आणि प्रत्येक मागण्याला बाकीच्यांनी एका आवाजात 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. सिद्धेशचा प्रत्येक कार्यक्रम त्यानेच सुरू व्हायचा, आणि पहिलं मागणं परीक्षेत विषय राहिलेल्यांसाठी असायचं. "ज्यांका केटी लागली हा, त्यांची सुटांदे रे म्हाराजा!" की "व्हय म्हाराजा!" घाटकोपरची गुजराती पोरंसुद्धा घसा ताणून ओरडायची. घरात दाबून ठेवलेली भाषा अशी मैदानभर ऐकली की निलेशला आपण कुणीतरी आहोत असं वाटायचं.

आता रविवारी मालाडच्या एका शाळेच्या मैदानावर चाहत्यांची शोकसभा होती. सगळं अंगावर घेतलं होतं त्यांच्यातल्याच पार्ल्याच्या मधुवंतीने. ही बाई रडताना सुद्धा कामं वाटत होती. गाऱ्हाण्याशिवाय सभा होणार नाही, आणि आपल्यात मालवणी येते एकट्या निलेशला, तेव्हा तोच घालणार, असं तिने फोनवर जाहीर केलं. निलेश म्हणाला, सुतकात गाऱ्हाणं घालत नाहीत, देवाचं काम आहे ते. मधुवंतीला हे ठाऊकच नव्हतं. मग सिद्धेशच्या आईला विचारून ये, म्हणाली.

निलेश कुरारला निघाला तो परवानगी मागायला, पण मनातून त्याला नकार हवा होता. त्या माऊलीने म्हणावं, नको रे बाबा, आपल्याला सुतक आहे. त्या 'आपल्याला'मध्ये तिने त्यालाही धरावं. तेवढ्या एका शब्दासाठी तो शनिवारी कुरारचा चढ चढला.

सिद्धेशची आई, मालनबाई, जमिनीवर भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी आधी गाव विचारलं, मग आडनाव, मग चहा घेणार का ते. निलेशने अडखळत विचारायचं ते विचारलं.

"घाल की," त्या म्हणाल्या. "सुतक आमका. तुमका खंयचा सुतक?"

त्या अगदी मायेने म्हणाल्या. पण कुणी दारातून हात धरून बाहेर काढावं तसं निलेशला झालं. तो निघायला म्हणून उठू लागला. बाईंच्या ते ध्यानात आलं असावं, कारण त्यांनी विषय बदलला. मी काही त्याच्या एकाही कार्यक्रमाला आले नाही, म्हणाल्या, गर्दीत माझा जीव घाबरतो. तू कसं घालणार ते म्हणून तरी दाखव.

निलेशने हळू आवाजात सुरुवात केली. केटीवाले झाले, घर न मिळणारे झाले, लग्न न ठरणारे झाले. शेवटची ओळ सिद्धेशने गेल्या वर्षी नवीन घातली होती, इथे हजर असलेल्या एका माणसासाठी. "आणि हयसर एका माणसाचा दुखणा हा, ता दूर कर रे म्हाराजा." ही ओळ आली की मैदानात हशा पिकायचा, कारण गिटारवाल्या शौनकचं ठरलेलं लग्न नुकतंच मोडलं होतं. लोक आधी "शौनक! शौनक!" करून त्याला पिडायचे आणि मग डोळ्यांत पाणी येईतो हसत 'व्हय म्हाराजा' म्हणायचे. निलेशही त्यात होता. त्याने तर शिट्ट्या मारल्या होत्या. हे सगळं तो हसवण्यासाठी म्हणून बाईंना सांगू लागला.

"ता शौनकासाठी नाय," मालनबाई म्हणाल्या.

"मग कुणासाठी?" निलेशने विचारलं.

"पोटात गाठ होती त्येच्या. तो म्हणालो, आये, कोणाक सांगू नको, लोकांका माका हसताना बघूचा आसा. कार्यक्रम करून तो घराक इलो की माझ्याकडे येऊन बसायचो. म्हणायचो, आये, आज हजारभर माणसांनी माझ्यासाठी व्हय म्हटल्यानी." त्यांनी पदराने तोंड पुसलं. "तुमी मागलास रे. देवान आयकल्यान नाय, त्येका तुमी काय करतालास?"

निलेशला आपल्या शिट्ट्या आठवल्या आणि मेल्याहून मेल्यासारखं झालं. तो उठला तेव्हा बाईंनी त्याचा हात धरला. हे बाकीच्यांना सांगू नकोस, म्हणाल्या, ती मुलं हसायची तेच त्याला आवडायचं. निलेशने मान हलवली.

रविवारी ऊन उतरताना मैदान भरलं. मुलुंडहून आले, ठाण्याहून आले, एक जोडपं तान्ह्या बाळाला घेऊन आलं. भाषणं झाली, ती भाषणांसारखीच झाली. शौनकने गिटारची तार छेडली, ती जरा उतरलेली होती, पण त्याने ती जुळवायचे कष्ट घेतले नाहीत. निलेश माईकपाशी गेला.

"बा देवा म्हाराजा," तो म्हणाला.

"व्हय म्हाराजा!" मैदान गरजलं. सवयीने, नेहमीच्याच जोरात गरजलं, आणि पुढच्या क्षणी समोर कोण नाही हे लोकांच्या लक्षात आलं. बायका-पुरुष तोंडावर हात धरून रडू लागले. निलेश पुढे म्हणत गेला. केटी, घर, लग्न. दर वेळी उत्तर आलं, फाटक्या आवाजात का होईना आलं.

मग शेवटची ओळ आली आणि त्याला ती म्हणवेना. त्याने दोनदा प्रयत्न केला. लोकांना वाटलं, विसरला बिचारा. पुढे बसलेल्या एका मुलीने त्याला आठवण करून द्यावी म्हणून ओळ सुरू केली. तिच्या बाजूच्याने धरली, मग मागच्या रांगेने. बघता बघता अख्खं मैदान, मराठी, गुजराती, जे कोण होते ते सगळे, एका सुरात म्हणाले,

"आणि हयसर एका माणसाचा दुखणा हा, ता दूर कर रे म्हाराजा."

काहीजण शौनककडे बघून रडता रडता हसलेसुद्धा. मग सगळे उत्तरासाठी थांबले. मागणारे सगळे तिकडे होते. 'व्हय' म्हणायला माईकपाशी एकटा निलेश उरला होता.

खरं म्हणजे आता नाही म्हणण्यासारखं काही राहिलं नव्हतं. सोमवारी पहाटेच सिद्धेशबरोबर ते दुखणं संपलं होतं. निलेशने माईक दोन्ही हातांनी घट्ट धरला.

"व्हय म्हाराजा," तो म्हणाला.